विमानांच्या माळाकाठचा राब

धसईच्या वाटेवरच्या माळावर विमानं उतरतील, असं लडकूच्या सात पिढ्यांत कुणाला वाटलं नव्हतं. त्रेचाळीस साली ती उतरली. लढाईपायी सरकारनं माळ घेतला, माळालगतची लडकूची दोन खाचरं घेतली आणि तारेचं कुंपण ओढलं. कुंपणाबाहेर, उगवतीच्या अंगाला, त्याचा राबाचा, म्हणजे भाताचं रोप वाढवायचा, एवढासा तुकडा उरला आणि ओढ्यापलीकडं भाताचं एक खाचर.

जमीन गेली त्या दिवशीही लडकू जेवला होता. चैत्रात कुंपणावरचा हवालदार हुकूम सांगून गेला, कुंपणाच्या आसपास धूर करायचा नाही, तेव्हा मात्र तो जेवला नाही. शेणाचा थर, त्यावर ऐनाच्या फांद्यांचा टहाळ, वर गवत, गवतावर भुरभुर माती आणि मग आग. अशी जमीन भाजली की तण मरतं आणि भाताचं रोप काळंभोर उठतं; मग ते उपटून खाचरात लावायचं, ती आवणी. न भाजलेल्या मातीत ते तणाखालीच दबतं.

"राब नाय भाजला तं आवणीला काय त्या हवालदाराच्या मिशा लावशील?" त्याची बायको सकुबाई म्हणाली.

लडकू चार दिवस कुंपणाशी बसून राहिला. आत उंच खांबाला पांढऱ्या कापडाची एक बाही बांधलेली होती, विमानवाल्यांना वारा दिसावा म्हणून. सकाळी ती लोंबत असे. दुपार कलली की तिचं तोंड दर्याकडं आणि शेपूट डोंगराकडं होई. पाचव्या दिवशी तो हवालदारापुढं उभा राहिला. हवालदार घाटावरचा, मराठी बोलणारा.

"दुपारचा पेटवतो. धूर डोंगराला जाईल, तुमच्या इमानाला नाय."

"आणि वारा पडला तर?"

"तं मीच इझवतो."

"स्वतःचा राब?" हवालदार हसला. पण त्यानं साहेबाच्या कानावर घातलं आणि साहेबानं एक दुपार दिली.

लडकूनं डोंगराकडच्या कडेनं आग लावली, म्हणजे ती वाऱ्याविरुद्ध सावकाश सरकते आणि माती पुरती पोळते. आग निम्म्यावर आली आणि वारा पडला. बाही खांबाला चिकटली. धूर आधी सरळ उभा राहिला, मग कुंपणाकडं झुकला. माळशेजच्या बाजूनं घरघर ऐकू येऊ लागली.

शेजारचा धाकलू बांधावर उभा होता. "घाई नको करू रे. घटकाभरात येईल वारा. आर्धा राब तसाच हाय."

लडकूनं एकदा बाहीकडं पाहिलं आणि फावडं उचललं. आगीवर माती पडत गेली. विमान उतरलं. घटकाभरानं वारा खरंच आला, पण भाजायला दुपार उरली नव्हती.

"येडा रे येडा," धाकलू म्हणाला.

"सांगितलं व्हतं मी हवालदाराला," लडकू म्हणाला.

त्या साली निम्मंच खाचर लावलं गेलं. उरलेल्यात लव्हाळा माजला. माघापासून घरात नाचणीच होती, आणि सकुबाईनं तो विझवलेला राब प्रत्येक भाकरीबरोबर ऐकवला.

पुढच्या चैत्रात हवालदार आपण होऊन कुंपणाशी आला. कुंपणाकाठी ज्यांचे राब होते, त्या सातही घरांना ते भाजायची मोकळीक मिळाली होती. अट एकच, काडी लडकू लावील. धाकलूनं आपला टहाळ सर्वांआधी रचला.

लढाई संपली, विमानं गेली, बाही उतरली. मग माळावर आपल्याच देशाची पलटण राहायला आली. धुराला आता कुणाची हरकत नव्हती. तरी लडकू आल्याशिवाय सात घरांत कुणी राब पेटवत नसे. तो येई, मूठभर सुकी माती हवेत सोडी आणि ती कुठं जाते ते पाही. एका साली वाऱ्यासाठी त्यानं लोकांना तीन दिवस बसवून ठेवलं. लोक बसले.