पाठकोरी नक्कल

“सही कुटं पळून जात न्हाय,” असं म्हणत आमच्या कोर्टातले हवालदार मामा सहीच्या जागेवर आपला पंजा पालथा ठेवायचे. समोरचा आरोपी पेन हातात धरून टेबलावर वाकलेला असायचा आणि त्याला सही करायला जागाच दिसायची नाही. “आदी पानं बगा. पुडनं बगा, मागनं बगा. मग करा सही, दोनदा करा.”

तुम्ही कधी साक्षीला किंवा कुणाच्या सोबतीला म्हणून कोर्टात गेला असाल, तर असा माणूस पाहिला असेल. प्रत्येक पोलीस ठाण्याचा एक हवालदार रोज कोर्टात असतो. काखेत कागदांचे गठ्ठे आणि हातात फोन. त्याला पैरवी हवालदार म्हणतात. तपास पुरा झाला की पोलीस कोर्टात दोषारोपपत्र देतात. फिर्याद, पंचनामे, साक्षीदारांचे जबाब, डॉक्टरांचा दाखला, सगळं त्यात असतं. त्याची एक प्रत आरोपीला फुकट द्यावी लागते. आपल्यावर काय आळ आहे आणि तो कशाच्या जोरावर घेतलाय, हे त्याला कळायला हवं म्हणून. कोर्टात तिला नक्कल म्हणतात. ती दिली, ‘मिळाली’ अशी सही घेतली, की ते काम संपतं. दुसऱ्या हवालदारांचं दोन मिनिटांत संपायचं. यांना अर्धा तास लागायचा.

पोलिसांना सगळेच मामा म्हणतात, पण हे दिसायलाही मामाच होते. पोट थोडं पुढे, मिशा पांढऱ्या, आणि टोपी बहुतेक वेळा काखेतल्या गठ्ठ्यावर. राहायला मंद्रूपला. रोज तिथून मोटारसायकलवर सोलापूरला यायचे.

मी कनिष्ठ लिपिक म्हणून त्या कोर्टात लागले तेव्हा मला धड फाईल बांधता येत नव्हती. वडील श्रीपूरच्या कारखान्याला बैलगाडीनं ऊस वाहायचे. आमच्या घरात पदवीपर्यंत शिकलेली मी पहिली. मला ‘मॅडम’ म्हणणारे पहिले माणूस हे मामा. मी मागे वळून पाहिलं, कोणी मॅडम आल्यात का म्हणून. ते हसले. “तुमालाच म्हणतोय की. खुर्चीत बसलाय न्हवं?”

नक्कल देताना त्यांचा एक क्रम ठरलेला होता. आधी आरोपीला पाणी विचारायचं. मग वाचता येतं का, हे विचारायचं, पण हळू, शेजारच्याला ऐकू जाणार नाही असं. येत नसेल तर फिर्याद स्वतः वाचून दाखवायची. वाचताना ते आवाजात राग किंवा दया काही आणायचे नाहीत. बाजारभाव वाचावेत तसं वाचायचे. एकदा एका बाईनं मध्येच विचारलं, “हे सगळं तुमी लिवलंय व्हय?” मामा म्हणाले, “न्हाय बाई, मी नुसता वाचतोय. मी लिवलं असतं तर इतकं लांबवलं नसतं.”

शहरातल्या विणकर वस्तीत समन्स घेऊन जायचं असलं तर ते तेलुगूत “भयपडकु” म्हणायचे. अक्कलकोटकडच्या माणसाला कानडीत “हेदरब्याडरी”. आणि मुसलमान मोहल्ल्यात “घबराव नक्को”. तिन्हींचा अर्थ एकच, घाबरू नका. मी म्हणाले, “मामा, तुम्हाला तर चार भाषा येतात.” ते म्हणाले, “येतंय कुटलं. एवडा एकच शबुद येतोय. म्होरचं मग ते हातवारं करून सांगत्यात.”

अलीकडे काही प्रकरणांत पेनड्राइव्हमध्ये चित्रफिती येऊ लागल्या. एका म्हाताऱ्या आरोपीला तो इवलासा तुकडा दिल्यावर त्यानं उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, “ह्यात गाणी हायत का?” मामांनी त्याला कोर्टासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात नेलं आणि संगणकावर सगळी चित्रफीत दाखवली. परत येऊन मला म्हणाले, “बगितलं त्येनं. आता लिवा, मिळाली म्हणून.”

हे सगळं मला तेव्हा फार संथ वाटायचं. खरं सांगते, कधी कधी चिडायचेसुद्धा. रोजच्या बोर्डावर, म्हणजे यादीत, साठ प्रकरणं असायची आणि मामा पानं उलटत बसायचे. म्हणून एका मेंढपाळाला नक्कल द्यायच्या दिवशी मी घाई केली.

तो सांगोल्याकडचा होता. मेंढरं घेऊन मंद्रूपच्या बाजूला आला होता, दर वर्षी येतो तसा. तिथं ज्वारीत मेंढरं शिरली म्हणून भांडण झालं, काठ्या चालल्या, एका शेतकऱ्याचा हात मोडला. फिर्यादीत दोन मेंढपाळांची नावं होती. दुसरा फरार होता. हा एकटाच हजर. पागोटं काढून दोन्ही हातांत धरून उभा होता. सोबत वकील नव्हता.

“मॅडम, लवकर करा,” तो मला म्हणाला. “मेंढ्या विणीला आल्यात. कारभारीण एकटीच हाय तितं. आज कबूल करून टाकतो. दंड भरून जातो.”

“कबूल?” मामांनी विचारलं. “कुनी सांगितलं?”

“भायेर एकजण म्हणला. कबूल केलं की दंडावर सुटतंय.”

मी तोवर रोजनाम्यात ‘आरोपीस नक्कल मिळाली’ असं लिहूनही टाकलं होतं. फक्त सही राहिली होती. मी कागद त्याच्यापुढे सरकवला. मामांचा पंजा आडवा आला.

“मामा, अहो पुकारा होईल आता,” मी म्हणाले.

“होऊ द्या की.”

ते पानं उलटू लागले. टाईप केलेली फिर्याद, पंचनामा, दाखला. मग साक्षीदारांचे हाताने लिहिलेले जबाब. तिथल्या एका विहिरीच्या मालकाचा जबाब ते वाचू लागले आणि एका पानाच्या तळाशी थांबले. पान उलटलं. मागची बाजू कोरी. पुढचं पान घेतलं. तिथं दुसऱ्याच साक्षीदाराचं नाव.

“मॅडम, हे बगा. ‘सदर इसम हा त्यावेळी.’ त्यावेळी काय? माणूस बोलता बोलता उटून गेला व्हय?”

त्यांनी सगळे जबाब तपासले. जबाब दोन्ही बाजूंनी लिहिलेले होते आणि ठाण्यात झेरॉक्स काढणाऱ्यानं फक्त पुढच्या बाजूच काढल्या होत्या. सगळी नक्कल पाठकोरी होती. पानांची संख्या बरोबर भरत होती, म्हणून ती कुणाच्याही नजरेतून सुटली असती. माझ्या तर सुटलीच होती.

मी कोर्टातलं मूळ प्रकरण काढलं. ते पान उलटलं आणि वाचलं. ‘...मेंढरांना पाणी पाजण्यासाठी माझ्या विहिरीवर होता. आरडाओरडा ऐकून तो माझ्यासोबतच भांडणाच्या जागी आला. तोपर्यंत मारहाण झाली होती.’

मेंढपाळ म्हणाला, “व्हय. विहिरीवरच हुतो की. मी तवाच सांगितलं हुतं.”

“मग कबूल काय करतोस?” मामा पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले. लगेच त्यांनी आवाज खाली आणला. “हे बग, मी पोलीस हाय. काय कर आन् काय करू नको, ते मी सांगायचं न्हाय. पण हात मोडल्याचा गुन्हा हाय हा. कबूल केलास तर आत जाशील. नुसत्या दंडावर सुटशील असं समजू नको. फुकट वकील मिळतोय. जज सायबांस्नी माग.”

त्यांनी ठाण्याला फोन लावला. तपास करणारे साहेब काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, पण आवाज चढलेला कळत होता. मामा मधूनमधून “व्हय सायेब” म्हणत होते. शेवटी म्हणाले, “आरोपीची बाजू कसली त्यात? पान कमी हाय, तर कमी हाय म्हणणार की. उद्या कोर्टानं विचारल्यावर तुमालाच जड जाईल.” फोन ठेवून त्यांनी कपाळ पुसलं. निवृत्तीला तेव्हा त्यांचे थोडेच महिने उरले होते.

पुकारा झाल्यावर त्यांनी न्यायाधीश साहेबांपुढे सरळ सांगितलं की नक्कल अपुरी आहे. मी उभी राहून सांगितलं की रोजनाम्यात मी चुकीचं लिहिलंय, दुरुस्त करायचं आहे. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, “पूर्ण नक्कल द्या. वकील नेमून द्या. पुढची तारीख.”

बाहेर व्हरांड्यात मी मामांची माफी मागितली. ते म्हणाले, “माफी कशाची? मी नवा हुतो तवा एकाच नावाच्या दुसऱ्याच माणसाला समन्स दिलं हुतं. यंत्रमागावरचा माणूस. बिचारा दोन तारखा खाडा करून आला, आन् मी त्येलाच दरडावलो, उशीर का केला म्हणून.” मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, “चला, च्या घेऊ.”

आमच्या घरी कारखान्याचा कुठलाही कागद आला की वडील अंगठा उठवून मोकळे व्हायचे. त्या कागदांवर काय लिहिलेलं असायचं, ते आम्हाला कधीच कळलं नाही. चहा पिताना मी हे मामांना सांगितलं. त्यांनी बिस्किटांचा पुडा माझ्याकडे सरकवला.

पुढे ते निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेला हवालदार तरुण आहे, चांगला आहे, चटपटीत आहे. आता सही घेण्याआधी पानं मी उलटते. तो घड्याळ बघतो.

मेंढपाळाचा खटला चालला. विहिरीच्या मालकानं कोर्टात तेच सांगितलं. हा निर्दोष सुटला. निकाल ऐकल्यावर त्यानं सगळ्या खोलीत नजर फिरवली आणि मला विचारलं, “मामा कुटं हायत?” निवृत्त झाले म्हटल्यावर पागोटं डोक्याला गुंडाळत तो बराच वेळ दारात उभा राहिला.

मी संध्याकाळी मामांना फोन केला. “सुटला,” म्हटलं. ते म्हणाले, “मेंढरं कुटं हायत त्येची सध्या?”

“ते नाही विचारलं.”

“इचारायचं की ओ. हितंच असंल कुटंतरी.”

आठवड्यानं त्यांचाच फोन आला. आवाज खुशीत होता. मंद्रूपच्या पलीकडे, एका माळावर त्यांनी त्याच्या मेंढरांचा वाडा शोधून काढला होता. कुत्री तर भुंकलीच, पण मामा साध्या कपड्यांत असल्यामुळे त्यानंही ओळखलं नाही. बोलल्यावर ओळखलं आणि त्याची बायको घाबरून पुढे आली. आता आणखी कसला कागद आणलाय, म्हणून.

“मी म्हणलं, बाई, कागद न्हाय आनला. आज नुसताच आलोय.” मामा हसत होते. “मग घोंगडं आंथरलं तिनं. मेंढीच्या दुदाचा च्या केला. एवडी वर्सं लोकांची दारं बडवली मॅडम, पण कुनी बस म्हणलं न्हवतं. घोंगडं लई टोचतंय. पण बसलो की दिवस मावळंस्तवर.”