धायरीचा दयाळ

मुक्ता रविवारी गेली. सोमवारी तिच्या भावाने फोन करून सांगितलं. मी वर्गात होते. फोन ठेवला आणि तास पूर्ण केला.

उन्हाळ्याची सुट्टी लागल्यावर मी अमरावतीहून पुण्याला निघाले. गाडीत खिडकीशी बसून मी मनात एकच हिशेब करत होते: हाच प्रवास याआधी किती वेळा करता आला असता.

मुक्ताला मी प्रत्यक्ष कधी भेटले नाही. पक्ष्याचा आवाज ऐकवला की पक्षी कोणता ते ओळखणारी एक सॉफ्टवेअर लायब्ररी, म्हणजे इतरांना वापरता येईल असा तयार कोड, तिने लिहिली होती. ती सर्वांना खुली होती. कोणीही वापरावी, कोणीही दुरुस्त करावी. मी प्राणिशास्त्र शिकवते. विद्यार्थ्यांच्या पक्षिगणनेसाठी ती घेतली, पण तिची माहितीपुस्तिका मला काही केल्या कळेना. तशी तक्रार लिहिली, तर उत्तर आलं, "मग तुम्हीच लिहा की." मी लिहिली. तेव्हापासून कोड तिचा आणि पुस्तिका माझी. दर वर्षी ती म्हणायची, या पुण्याला, एकदा स्प्रिंट करू. स्प्रिंट (रखडलेली कामं उरकायला सगळ्यांनी दोन दिवस एका खोलीत एकत्र बसणं) मला आवडलं असतं. मी कळवायची, परीक्षा संपल्या की येते. परीक्षा दर वर्षी संपत.

आता ती स्प्रिंट व्हायची होती, तिच्याशिवाय. स्प्रिंटची आखणी करायला मी निघाले होते.

कर्वेनगरला ओंकार भेटला. मुक्ताच्या हाताखाली शिकलेला, आता नोकरी करणारा, बोलताना चष्मा सतत वर सरकवणारा. त्याच्या सोसायटीचा हॉल मिळतो का हे पाहायला आम्ही सेक्रेटरींकडे गेलो. ते गृहस्थ दारातच उभे राहिले. आम्हीही.

"कोडिंग म्हणजे नेमकं काय करणार आपण?"

"कॉम्प्युटरवर काम, काका. वीसेक जण असतील," ओंकार म्हणाला.

"आवाज?"

"अजिबात नाही."

"मागच्या महिन्यात ध्यानधारणेवाल्यांनी हॉल घेतला होता. त्यांचाही होणार नव्हता." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आपण कुठल्या?"

"अमरावतीची."

"मग पंखे पुरतील आपल्याला," ते म्हणाले, आणि हॉल मिळाला.

कोपऱ्यावरच्या हॉटेलात आम्ही इडली घेऊन बसलो आणि कामांची वाटणी केली. नवख्यांना काय द्यायचं, जुन्यांनी काय उचलायचं, हे सगळं भराभर ठरलं. एक काम राहिलं होतं, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं.

लायब्ररीत कोणी काहीही बदल केला, की कॉम्प्युटर आधी एक चाचणी घेतो. ठरलेली एक ध्वनिफीत तो वाचतो. तिच्यातला पक्षी दयाळ आहे असं उत्तर आलं, तर बदल बरोबर. ही फीत मुक्ताने धायरीत, तिच्या घराच्या गच्चीवर एका सकाळी टिपली होती. तिच्यात दयाळ आहे, कुकरची शिट्टी आहे, आणि मधेच तिची आई ओरडते, "मुक्ते, चहा गार झाला गं!" त्यावर मुक्ता म्हणते, "आले, दोन मिनिटं."

परदेशातल्या कोणा सहकाऱ्याने रास्त प्रश्न विचारला होता. या फितीत माणसं बोलतात. ती जगभर वाटायला त्यांची परवानगी आहे का? नसेल तर बदला. स्प्रिंटच्या आधी निकाल हवा होता.

"मॅडम, ती फाइल जायला नको," ओंकार म्हणाला. "आमच्यात कोणाचं काम रखडलं ना, तर आम्ही अजून तेच म्हणतो. आले, दोन मिनिटं. फुल टू जोक होता तो. आता... तुम्ही काकूंना विचारा ना. मला नाही जमणार."

मुक्ताच्या आईला विचारणं मलाही जमेल असं वाटत नव्हतं. पण ती फीत राहावी असं मला त्याच्याइतकंच वाटत होतं. तिचा आवाज माझ्याकडे दुसरा नव्हता. आम्ही सगळं लिहूनच बोललो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी धायरीला निघाले आणि बसमधून चुकून फाट्यावरच उतरले. रिक्षावाल्याला पत्ता दाखवला.

"ह्ये गावातलं हाय, बाई. फाटा येगळा, गाव येगळं. समदे हितंच उतरत्यात." गाडी चालू करता करता तो म्हणाला, "आमाला बरं."

रस्त्याच्या दोन्ही अंगांना इमारती होत्या. त्यांच्यामधून एखादा जुना गोठा, एखादं विहिरीचं तोंड अजून दिसत होतं. मुक्ताचं घर तिच्या आजोबांच्या शेताच्या जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर होतं. काकूंनी दार उघडलं. उंच, सडसडीत बाई. माझं नाव ऐकून त्या जरा थांबल्या.

"पुस्तक लिवणाऱ्या बाई व्हय तुमी? ती म्हनायची, त्या येनार येनार. या, बसा."

त्यांनी भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दही पुढे ठेवलं. स्वतः समोर बसल्या, जेवल्या मात्र नाहीत. मी स्प्रिंटचं सांगितलं. मग परवानगीचं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"तिचा आवाज हाय त्यात?"

"हो. तुमचाही."

"लावा."

मी फोनवर फीत लावली. दयाळाने शीळ घातली. कुकर वाजला. त्यांची हाक आली, मुक्ताचं उत्तर आलं. पुन्हा दयाळ, आणि फीत संपली. काकू भिंतीकडे पाहत होत्या.

"ह्ये किती येळा वाजतं म्हनाला?"

"कोणी काही बदललं की प्रत्येक वेळी. ऐकत कोणी नाही, काकू. कॉम्प्युटर नुसतं वाचतो."

"म्हंजी रोज मी तिला चा प्याया हाक मारायची," त्या म्हणाल्या, "आन रोज तिनं आले म्हनायचं. आन यायचं न्हाई."

ओंकारचं सांगावं, माझं सांगावं, असं मनात आलं. पण त्या वाक्यापुढे आमचं काहीच उभं राहिलं नाही.

"काढा त्ये," त्या म्हणाल्या. "पाखरू पायजे ना तुमाला? पाखरू हितंच हाय. नवं घ्या."

"जुनी तुमच्या फोनवर देऊ का?"

"नगं. ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी."

त्यांनी गॅसवरचा कुकर उतरवला, चहा केला, दोन कपांत ओतला आणि कप ओट्यावरच ठेवून मला गच्चीवर नेलं. खाली उंबराचं एक झाड उरलं होतं. दयाळ त्याच्या शेंड्यावर बसलेला होता, पांढऱ्या पट्ट्याचा, शेपटी उभी धरून. मी फोन कठड्यावर ठेवला आणि त्यांना खूण केली. काकू दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. दयाळ गाऊ लागला. मी मागे वळून पाहिलं. त्यांची नजर कठड्याजवळच्या रिकाम्या जागेवर होती आणि ओठ मिटलेले होते. फीत पुरी होईपर्यंत त्या हलल्या नाहीत.

खाली आलो तेव्हा चहा गार झाला होता. त्यांनी तो पुन्हा गरम केला नाही. आम्ही तसाच प्यायलो.

निघताना त्या म्हणाल्या, "परीक्षा झाल्या की येत जा."

स्टेशनवरून ओंकारला फोन केला. काकूंचं म्हणणं सांगितलं. तो म्हणाला, "ठीक आहे मॅडम. मी बदलतो."

परतीच्या गाडीत मी आखणी पुरी केली. पुण्यात काय पाहिलं, असं घरी विचारतील तेव्हा सांगायला माझ्याजवळ एक हॉल, एक गच्ची आणि एक झाड होतं. मुक्ता असताना गेले असते तरी कदाचित एवढंच पाहिलं असतं. पण चहा गरम प्यायले असते, आणि तिला दोन मिनिटांत उठवण्याचं काम काकूंनी माझ्यावर सोपवलं असतं.

जुनी फीत माझ्याकडे आहे. नवी लायब्ररीत गेली. तिच्यात दयाळ गातो. कोणी बोलत नाही.