कॅमेरा बंद ठेवा

"ते मागचं निळं काढता येईल का गं?"

व्यायामाच्या ऑनलाइन वर्गातल्या एका काकांनी सगळ्यांसमोर विचारलं. मी तेव्हा खुर्चीतून अर्धी उठलेले. तशीच थांबले. मांड्या थरथरत होत्या.

"काय काका?"

"भिंतीवरचं. आपण इथे व्यायामाला जमतो. राजकारण नको."

निळं म्हणजे निळ्या कोटातला फोटो. आमच्या घराघरात असतो, कोणाचा ते सांगावं लागत नाही. त्याच्या शेजारी बुद्ध. दोन्ही आईने लावलेले. आई गेली, फोटो राहिले. कल्याणजवळच्या मोहन्यातली ही एकच खोली. मोबाईल टेकवायला जागा एकच, ओट्यावरची. तिथून दुसरी भिंत दिसतच नाही.

वर्ग ठाण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलचा. आम्ही सगळे लिव्हरसाठी थांबलेले. माझं शरीरच माझ्या लिव्हरवर उलटलंय, डॉक्टरांनी असंच समजावलेलं. घरचं कुणी देणारं नसलं की यादीत नाव लावून थांबायचं. थांबताना शरीर स्वतःचंच मांस खातं. पोट पाण्याने फुगतं, हातापायांच्या काड्या होतात. फार झिजलेल्या माणसाला ऑपरेशन झेपत नाही. लिव्हर आलं तरी पुढच्याला जातं. म्हणून व्यायाम. खुर्चीतून उठणं-बसणं, रबरी पट्टा ताणणं, जागच्या जागी चालणं.

मला त्या वर्गाची आणखी एक गरज होती, ती मी कुणाला सांगितलेली नव्हती. कॉलेजच्या ऑफिसातली नोकरी बिनपगारी रजेवर. कावीळ लागेल म्हणून शेजारच्या बायका उंबऱ्याबाहेरूनच बोलायच्या. दिवसभरात कुणी माझ्याकडे बघायचं ते त्या वर्गातच. फिजिओथेरपीच्या मॅडम म्हणायच्या, "ताई, मांडीवरचे हात काढा. रेटून उठू नका." तेवढ्यानेही बरं वाटायचं. कुणीतरी माझे हात बघतंय.

काका बँकेतून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले. ठाण्यात टॉवरमध्ये घर. स्वभाव गोड, सगळ्यांची चौकशी करायचे. पहिल्या दिवशी त्यांनी माझं आडनाव विचारलं. थोडं थांबले. मग गाव विचारलं. त्यानंतर बाकीचे सगळे तुम्ही आणि मी तू.

मॅडम तरुण होत्या, गोंधळल्या. "ताई, बॅकग्राउंड ब्लर करा ना." माझ्या मोबाईलवर ते होत नव्हतं. "मग सध्या कॅमेरा बंद ठेवा. ऐकून करा."

मी कॅमेरा बंद केला. वर म्हणाले, "सॉरी काका."

सॉरी म्हणायला कुणी सांगितलं नव्हतं. ते आपोआप आलं. तालुक्याच्या शाळेत सवलतीची पुस्तकं वाटताना आम्हा मोजक्या मुलींना वर्गासमोर उभं करायचे. पुस्तक हातात पडलं की मोठ्याने म्हणायचं, "थँक यू सर." आवाज बारीक आला तर पुन्हा म्हणायला लावायचे. मी घरातली पहिली ग्रॅज्युएट. ज्यांनी हात दिला त्यांची मी आजही ऋणी आहे. पण त्या शिकवणीत आणखी काही मिसळलेलं होतं, ते मला इतकी वर्षं कळलं नाही. मिळतंय ना? मग गप्प बस.

त्यानंतर वर्गात मी एक काळा चौकोन. मधोमध नावाचं पहिलं अक्षर. बाकीच्या चौकोनांत माणसं. कुणाची सून मागे उभी, कुणाचा नवरा पाण्याचा ग्लास धरून. काकांच्या मागे संगमरवरी देवघर, समई लावलेली. मॅडम एकेकाला नावाने सांगायच्या. खांदे सैल. गुडघे बाहेर. माझं नाव यायचं नाही. मीही करत होते. नुसत्या आवाजावर. घामाघूम व्हायचे. वर्ग संपताना सगळे हात हलवायचे, मीही हलवायचे. मग लक्षात यायचं.

काही महिन्यांनी तपासणीला बोलावलं. कॉरिडॉरमध्ये चालायला लावलं, निम्म्यातच दम लागला. मग खुर्ची.

"हात छातीवर दुमडा आणि उठा."

उठता येईना. पुन्हा प्रयत्न केला. हात आपोआप मांडीवर जात होते. बघणारं कुणी नसताना मी घरी इतके दिवस नकळत हातांनी रेटूनच उठत होते. त्या व्यायामात मांड्या नव्हत्याच.

"वर्ग करत होता ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"रोज, सर."

"मग हातांचा आधार घेताय, हे कुणी दाखवून दिलं नाही?"

मॅडम शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी मान खाली घातली.

"मी दिसत नव्हते, सर."

डॉक्टरांना काही कळलं नाही. म्हणाले, "पुढच्या तपासणीलाही असंच असेल तर यादीतलं नाव थांबवावं लागेल."

परतताना बसमध्ये मी मांडीवर हात ठेवून बसलेले. हाताला हाडच लागत होतं. रडू आलं नाही, राग आला. काकांचा नंतर. आधी माझ्या त्या सॉरीचा. फोटोमुळे कुणाचा व्यायाम बिघडला नव्हता. बिघडला होता माझा. मी जगायची तयारी करत होते, आणि तीही कुणाला खटकणार नाही अशा बेताने.

दुसऱ्या दिवशी मी कॅमेरा लावला.

"अगं, आपलं ठरलं होतं ना?" काकांचा आवाज तसाच गोड.

"आपलं नव्हतं ठरलं, काका. तुम्ही सांगितलंत, मी ऐकलं."

"उगाच जातपात कशाला आणतेस मध्ये?"

"तुमच्या मागे देवघर आहे. मला रोज दिसतं. काढा असं मी कधी म्हटलं नाही. हा फोटो इथेच राहील. मीही इथेच राहीन."

मग मी हात कॅमेऱ्यासमोर धरले. "मॅडम, माझे हात बघा. कुठे चुकतंय ते सांगा. तुमचं काम आहे ते."

जो तो आपापला रबरी पट्टा आवरू लागला. मला खासगीत रोज 'काळजी घे गं' लिहिणाऱ्या वर्गातल्या ठाकुर्लीच्या बाईसुद्धा.

मॅडम स्क्रीनजवळ सरकल्या. म्हणाल्या, "पाय मागे घ्या, ताई. हात छातीवर. उठा."

मी अर्धी उठले आणि धपकन खुर्चीत पडले. सगळ्यांना दिसलं.

"पुन्हा," मॅडम म्हणाल्या.

त्या दिवसापासून वर्गात माझ्याशी कुणी बोलत नाही. ठाकुर्लीचे मेसेज बंद झाले. व्यायाम संपला की खोलीत पुन्हा मी एकटीच. तपासणी अजून व्हायची आहे. यादीत नाव राहील की थांबेल, माहीत नाही. लिव्हर कधी येईल ते तर कुणालाच माहीत नाही. आलंच, तर ज्या अनोळखी घराने दिलं त्या घराची मी जन्मभर ऋणी राहीन. आभार मानायचे तिथे मानीन. माझ्या असण्याची माफी मात्र यापुढे कुणाकडेही मागणार नाही.