मे महिन्यात गार पडलेले पाय

दादा सायकलवरून पडला तेव्हा शाळेला उन्हाळी सुट्या लागल्या होत्या. मी नागपुरात, सक्करदऱ्याच्या एका शाळेत नुकतीच शिकवायला लागले होते आणि त्या दुपारी घरीच होते. दारात सायकल टेकवून तो आत आला. कपडे धुळीने माखलेले, तरी हसतच म्हणाला, "तलावाजवळ कुत्रं आडवं आलं. हँडल बसलं पोटात जरासं."

वहिनीने त्याचा शर्ट वर करून पाहिला. डाव्या बरगड्यांखाली एक लालसर वळ, बस. रक्ताचा थेंबही नव्हता. हळद लावली, चहा झाला. आईने त्या कुत्र्याला शिव्या दिल्या आणि विषय संपला.

थोड्या वेळाने दादा पाणी मागू लागला. नागपूरचा मे, तहान लागायचीच. पण तांब्या रिकामा केला की पुन्हा पाणी. खाटेवर पडायचा, उठायचा, परत पडायचा. मुळात शांत माणूस, पण त्या दिवशी वहिनीवर उगाचच खेकसला. मग म्हणाला, "खांदा दुखून राहिला डावा."

"खांद्याले मार लागला का गा?" आईने विचारलं.

"नाही ना. खांद्याले काहीच नाही लागलं."

"ऊन लागलं याले," असं म्हणत आई कांदा ठेचायला बसली. तो तळपायांना चोळायला मी दादाच्या पायाशी बसले, पाय हातात घेतले आणि थबकले. घराच्या भिंती तापलेल्या, मडक्यातलं पाणीही कोमट, आणि त्याचे पाय गार. कपाळावर हात ठेवला तर घाम चिकट, तोही गार. ऊन लागलेली मुलं मी शाळेत पाहिली होती. त्यांच्या अंगाला हात लावला की चटका बसायचा.

"आई, हे ऊन नाही. याले दवाखान्यात न्या लागते."

"काहून घाबरवते वं त्याले?"

"मी ठीक आहो," म्हणत दादा उठून बसला. पुढचं वाक्य त्याने सुरू केलं, पण ते अर्ध्यातच सुटलं आणि तो वहिनीच्या अंगावर कलंडला.

मग कोणी वाद घातला नाही. वहिनी आणि मी त्याला मध्ये धरून सायकलरिक्षात बसलो. रस्ते ओस होते, डांबर मऊ पडलेलं. मी त्याच्याशी बोलत राहिले, आणि त्याचं उत्तर दर वेळी आधीपेक्षा उशिरा येत गेलं. माझ्या तोंडाला कोरड पडली होती, छातीतली धडधड कानात ऐकू येत होती. तरी हात थरथरत नव्हते. डोकं इतकं लख्ख होतं की माझी मलाच भीती वाटली. वहिनी नुसती रडत होती.

सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी दादाच्या बोटाचं नख दाबून सोडलं. पांढरं पडलेलं नख गुलाबी व्हायला फार वेळ लागला. ते पाहताच त्यांनी ऑपरेशनची तयारी करायला सांगितलं.

"पण बाहेर तर रक्त दिसत नाही," मी म्हणाले.

"पोटाच्या आत साचतंय. शरीर हातापायांचं रक्त आवरून मेंदूला आणि हृदयाला पुरवतं, म्हणून पाय गार. तरुण माणसाचं शरीर बराच वेळ असं निभावून नेतं, आणि मग एकदम सगळं सोडून देतं. बोलत बसायला वेळ नाही. रक्त कोण देईल?"

माझा गट जुळला. सुई टोचली तेव्हा काही जाणवलंच नाही. दादाला आत नेत होते, तेव्हा त्याचे ओठ राखेसारखे दिसत होते. माझ्याकडे पाहून त्याने काहीतरी विचारलं. मला ते ऐकू आलं नाही, तरी मी मान हलवली.

बाहेरच्या बाकावर वहिनी आणि मी बसून राहिलो. दार उघडलं की आम्ही दोघी उठायचो. दर वेळी दुसरंच कोणी बाहेर यायचं.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई आल्या. डाव्या बरगड्यांखालची पाणथरी, म्हणजे प्लीहा, फाटली होती, ती काढून टाकली; खांदाही त्यामुळेच दुखत होता. रक्त थांबलं, नाडी सुधारते आहे. "आता धोका टळला असं वाटतंय," त्या म्हणाल्या.

वहिनीने पदराने तोंड पुसलं आणि हात जोडले. मी उठायला गेले. दात वाजायला लागले, अंगभर काटा आला आणि मी तिथेच भिंतीला धरून ओकले. दुपारपासून एकदाही न थरथरलेले माझे हात आता आवरेनात. दिवसभर रडणाऱ्या वहिनीने मला घट्ट धरलं. "बस वं बाई, बस. वाचले ते," असं म्हणत ती माझी पाठ चोळत राहिली.

दादा बरा होऊन घरी आला, नोकरीवरही गेला. पाणथरी नसलेल्या माणसाने ताप अंगावर काढायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यामुळे पुढे कितीतरी वर्षं, जराशी कणकण आली की वहिनी त्याला रिक्षात घालायची. तो वाटभर कुरकुरायचा. ती एक शब्द ऐकायची नाही.