जीपला सलाइन

मुलगी पाहायला मुलाकडच्यांनी यायचं असतं, पण माझ्या वेळी आम्हीच नाशिकहून नामपूरला निघालो. वडिलांनी नुकतीच एक जुनी जीप घेतली होती आणि ती त्यांना चार लोकांत मिरवायची होती. मी तिच्याबरोबर जाणार होते, एवढंच. सत्तरचं दशक संपत आलं होतं.

चांदवड मागे पडलं तसा पेट्रोलचा वास येऊ लागला. वडील म्हणाले, जीपला असाच वास असतो. थोड्याच वेळात जीप बंद पडली. सोबत आलेल्या माझ्या मामांनी बॉनेट उघडून पेट्रोलच्या रबरी पाइपला हात लावला, तर सुकून तडकलेला तो पाइप तुटून हातातच आला.

मामा दवाखान्यात कंपाउंडर. औषधांची पेटी घेतल्याशिवाय ते कुठे जात नसत. पेटीतून त्यांनी सलाइनची रिकामी बाटली आणि नळी काढली, जीपमधल्या जादा डब्यातलं पेट्रोल बाटलीत भरलं, नळी कार्बोरेटरला जोडली आणि बाटली उंच धरून मडगार्डवर बसले. जीप सुरू झाली. चढ आला की वडील आतून सांगत, "वाढवा." मामा नळीवरचा चिमटा सैल करून धार वाढवत.

सटाण्याला बाटली पुन्हा भरताना नामपूरच्या एसटीतल्या लोकांनी चौकशी केली. वडिलांनी मुलीला घेऊन कुणाकडे निघालो, ते सगळं सविस्तर सांगितलं. जीपबद्दल मात्र कुणी विचारलं नाही. बाटलीकडे बघत एकाने आम्हाला लवकर पोहोचायला सांगितलं. एसटी आमच्या आधी पोहोचली.

नामपूरला त्या घरापुढे बाज टाकलेली होती. शेजारी गावचे डॉक्टर उभे होते, बायका डोक्यावरचा पदर सावरून बसल्या होत्या. मी जीपमधून उतरले तर मुलाच्या आईने मला बाजूला करून आत डोकावून पाहिलं.

"पोर कशी शे?" तिने मलाच विचारलं. ती मला नर्स समजली होती.

तेवढ्यात मामा मडगार्डवरून उतरले. पेट्रोलच्या वासाने त्यांना भोवळ आली होती आणि बाटलीचा हात खाली येत नव्हता. चौघांनी त्यांना उचलून बाजेवर निजवलं. डॉक्टर त्यांची नाडी बघू लागले. वडील जीप दाखवायला माणूस शोधत होते.

जीपकडे बघितलं ते फक्त मुलाने. कांद्याला पाणी देणाऱ्या इंजिनाची दुरुस्ती तो स्वतः करायचा. दुकानातून नवा पाइप आणून त्याने मापात कापला, दोन्ही टोकांना क्लिपा आवळल्या आणि पेट्रोल ओढायला तोंड लावलं. तोंडभर पेट्रोल आलं. तसाच चुळा भरून तो माझ्यासमोर येऊन बसला. सगळे वाट बघत होते, पण त्याला बोलता येईना. शेवटी मीच विचारलं, पाइप किती दिवस टिकेल?

"दोनेक वर्षं," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "मग परत बदलावा लागेल. मी येईन."

माझं शिक्षण, स्वयंपाक कुणीच विचारलं नाही. त्याची आई म्हणाली, पोरगी आपल्या पायांनी चालत आली, अजून काय पाहायचं? होकार तिथेच मिळाला. मामा तेव्हा बाजेवर उठून बसले होते आणि डॉक्टरांना हात खाली घ्यायची परवानगी मागत होते.