डावी दांडी

भुसावळचं घर रिकामं करताना ट्रंकेत मामांनी कुवेतहून आणलेला टेपरेकॉर्डर सापडला. त्याचा रबरी पट्टा वितळून डांबरासारखा चिकटलेला. आत एक कॅसेट तशीच. वाफेची इंजिनं बंद व्हायच्या सुमारास, मी कॉलेजात असताना, आबांसोबत लोको शेडमध्ये जाऊन ती भरली होती. आबा, माझे वडील, तिथे फिटर होते. घरी लावली तेव्हा त्या एवढ्याशा स्पीकरमधून नुसती घरघर आली. आई म्हणाली होती, "पिठाची चक्की भरून आणली का?" मग ती कुणी ऐकलीच नाही.

जळगावात एका म्हाताऱ्या रेडिओ मेकॅनिकने नवा पट्टा घातला, हेड स्पिरिटने पुसलं आणि म्हणाला, "स्पीकरवर नका ऐकू. हेडफोन लावा."

घरी येऊन लावला. आधी बारीक खरखर. मग शेडच्या पत्र्यावर कावळ्याची नखं वाजली. फावडं कोळशात घुसलं. आणि डाव्या कानाकडून इंजिन आलं, माझ्या डोक्यातून गेल्यासारखं उजवीकडे गेलं. मी खुर्चीत पाय वर घेतले. इतकी वर्षं हे सगळं त्या बोटभर फितीत होतं!

आबा आता माझ्याकडेच असतात. त्यांना फार कमी ऐकू येतं. फोनवरचं तर काहीच कळत नाही. पुढचं न ऐकताच मी फीत मागे फिरवली, हेडफोन त्यांच्या कानांवर ठेवला, आवाज पूर्ण वाढवला आणि बाजूने स्वतःचा कान टेकवला.

आबांनी डोळे मिटले. "बठ्ठं ऐकू येस रे," ते अहिराणीत पुटपुटले, सगळं ऐकू येत होतं त्यांना. मग एकदम हात वर केला. "थांब. डावी दांडी ढिली शे."

मला तर चाकं जोडणाऱ्या त्या लोखंडी दांडीचा आवाज वेगळा कळेना, फक्त धडधड ऐकू येत होती. मी काही विचारणार, तोच टेपमधून एक तरुण, खणखणीत आवाज ओरडला, "अरे, डाव्या दांडीचा नट आवळा!"

तो आबांचाच आवाज होता.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते मात्र मुळीच चकित झाले नव्हते. टेपमध्ये कुणीतरी पान्याने नट आवळत होतं आणि आबांची मूठ मांडीवर हळूहळू वळत होती. इंजिन पुन्हा हललं. त्यांनी मान तिरकी करून नीट ऐकलं.

"आते बराबर," आबा म्हणाले.