प्रदूषण आढळून आले नाही

मे महिन्यात खान्देशात कोणी फिरायला जातं का? मी गेले. भडगावजवळच्या खेड्यातून माझ्या आत्याचा, अक्काचा, फोन आला होता. "परवा शेणखड्ड्यानी तपासणी शे. तुले फारम समजतस, तू ये."

नाशिकहून एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट, म्हणजे निम्मं अनुदान प्रवासातच पदरात पडलं. धुळ्याला गाडी बदलून पारोळ्याला उतरले आणि स्टँडबाहेर शेवभाजी मागवली. जाणाऱ्यांनी 'तिखट कमी' असं आधीच सांगावं. मी शहाणपणा केला आणि भडगाव येईपर्यंत नाक पुसत बसले.

अक्काच्या पाच म्हशी. शेणाचा खड्डा कच्चा, आणि उताराला विहीर; अर्धी वस्ती तिचंच पाणी पिते. पावसात खड्डा फुटला की सगळं शेण विहिरीत! म्हणून अक्का दरवर्षी हाताने मातीचा बांध घालते. आता गुडघे बोलायला लागले, तिला सिमेंटचा खड्डा हवा होता. पाणी खराब होऊ नये म्हणून अशा खड्ड्याला अनुदान देणारी सरकारची योजनाही होती. कसं अगदी जुळून आलेलं!

सकाळी अकराला तपासणीचे साहेब आले. विहिरीचं दोन तांबे पाणी प्यायले, "वा, गोड आहे हो," म्हणाले आणि मोबाईल काढला.

"अक्का, प्रदूषण कुठे आहे?"

"नही ना भाऊ. बठ्ठं चोखं शे."

"मग पंचाईत आहे. कामाआधीचा फोटो लागतो, त्यात घाण दिसायला हवी." साहेब बिचारे मनाने चांगले. त्यांनीच तोडगा काढला. "बांध जरा फोडा. दोन मिनिटं वाहू द्या, मी फोटो घेतो, मग बुजवा."

"तुमना फोटोसाठे मी हीरमा शेन सोडू?" अक्का अशी कडाडली की म्हशीही उठून उभ्या राहिल्या.

साहेबांनी शेरा मारला: 'प्रदूषण आढळून आले नाही. सबब अपात्र.' वर मला धीर दिला, "पाणी बिघडलं की लगेच अर्ज करा. पहिला नंबर तुमचा." माझं डोकं असं सणकलं, पण मी फॉर्म समजणारी ना, शेऱ्याची पोच मागून घेतली.

जाताना त्यांनी शेजारच्या नानांचा मंजूर खड्डा कौतुकाने दाखवला. पक्का, चकाचक, वर योजनेचा फलक. नानांनी त्यात कडबा रचला होता. शेण अजून नाल्यातच जात होतं. मी विचारलं तर नाना म्हणाले, "एवढा चांगला खड्डा शे, त्यामा शेन कसं टाकू?"

येताना अक्काने विहिरीच्या पाण्याची बाटली दिली. घरी आल्यावर नळाचं पाणी मला बेचवच लागायला लागलं.

जुलैत तिचा फोन आला. आवाजात राग नव्हता, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

"रातले बांध फुटना. साहेबले फोटो धाडी दे. आते आपन पात्र व्हयनूत."

तिने पाठवलेला फोटो मी साहेबांना धाडला. बाटली फ्रिजमध्ये आहे, अर्धी भरलेली. घरात कोणालाही मी तिला हात लावू देत नाही.